नकाशात पिंपळ कुठे असतो? विकास आराखडा आणि आपलं म्हणणं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात भिंतीवर मोठाले नकाशे लावले होते. पिवळे, निळे, हिरवे पट्टे आणि त्यावर मुंगीएवढे आकडे. लोक यायचे, मान तिरपी करून पाहायचे, निघून जायचे. साठीच्या पुढच्या एक बाई मात्र बराच वेळ नकाशावरून बोट फिरवत उभ्या होत्या. शेवटी त्यांनी टेबलामागच्या बाबूंना विचारलं, "भाऊ, यात आमची गल्ली कुठी आहे जी?"

"मौजा सांगा, खसरा नंबर सांगा."

"खसरा-बिसरा नाही माहीत बाप्पा. मोठ्या नालीच्या तिकडं, पिंपळाजवळ."

"मावशी, पिंपळ नकाशात नसतो."

बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. मी त्या दिवशी आमच्या लेआऊटची ओपन स्पेस शाबूत आहे का ते पाहायला गेलो होतो. ती मला पाच मिनिटांत सापडली. त्यात माझी हुशारी काही नव्हती. माझ्याकडे आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र होतं आणि त्यावर मौजा, म्हणजे महसुली गाव, आणि खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक छापलेला होता, एवढंच.

नगरनियोजनात लोकांचा सहभाग, सर्वसमावेशक नियोजन वगैरे शब्द हल्ली प्रत्येक सरकारी कागदावर दिसतात. त्यांचा अर्थ समजून घ्यायचा तर त्या व्हरांड्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

डीपी म्हणजे नेमकं काय

विकास आराखडा, म्हणजे आपल्या तोंडी बसलेला 'डीपी', हा शहराच्या जमिनीचं पुढच्या वीसेक वर्षांचं भवितव्य ठरवणारा कायदेशीर दस्तऐवज. घरं कुठे, दुकानं कुठे, कारखाने कुठे, कोणता रस्ता किती मीटर रुंद, शाळा, दवाखाना, मैदान, भाजीबाजार, दहनघाट यांच्यासाठी कोणती जागा राखून ठेवायची, हे सगळं त्यात येतं. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम हा त्याचा पाया. आराखडा साधारण वीस वर्षांनी सुधारावा असं हा कायदा सांगतो. नागपूरचा मंजूर आराखडा २०००-०१ च्या सुमारासचा आहे, म्हणजे वीस वर्षं केव्हाच उलटून गेली.

डीपीची रेष कागदावर बोटभर असते, पण तिचा परिणाम तीन पिढ्या भोगतात. प्लॉटवरून प्रस्तावित रस्ता गेला की नकाशा मंजूर होत नाही आणि बँक कर्जाला नाही म्हणते. पोरीच्या लग्नासाठी प्लॉट विकायला काढला तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. उलटही होतं. मैदानासाठी राखलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत काही झालं नाही तर आरक्षणच सुटतं. मग तिथे फ्लॅटस्कीम उभी राहते आणि पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात.

आपल्या शहरात आणखी एक गुंता आहे. इथे महापालिका आहे, १९३६ च्या कायद्याने जन्मलेली नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली एनआयटी आहे, आणि शहराबाहेरच्या सातशेहून जास्त गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. एनआयटी बरखास्त करायचं मध्यंतरी ठरलं, नंतर तो निर्णय फिरवला गेला. कोणती जागा कोणाची, हे सांगणारा माणूस शोधण्यातच सामान्य नागरिकाचा अर्धा दिवस जातो.

पत्रिका छापून झाल्यावरची पसंती

आराखडा तयार होण्याचा क्रम असा. आधी आराखडा करायचा इरादा जाहीर होतो. मग सध्या कोणती जमीन कशासाठी वापरली जाते याचं सर्वेक्षण होऊन 'विद्यमान जमीन वापर नकाशा' बनतो. त्यावरून प्रारूप आराखडा तयार होऊन प्रसिद्ध होतो. मग हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. आलेल्या हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. तिचा अहवाल, त्यावरून बदल, आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी.

यात लोकांना कायद्याने दार उघडतं ते हरकतींच्या टप्प्यावर, म्हणजे नकाशा काढून, रंगवून, भिंतीवर टांगल्यानंतर. लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर पोरीला पसंती विचारावी, तसला हा प्रकार. तिने नाही म्हटलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते. प्रारूप छापलेल्या अधिकाऱ्याला प्रत्येक हरकत ही आपल्या कामातली चूक वाटते आणि हरकत घेणाऱ्याला प्रत्येक रेष कारस्थान वाटते. सुनावणी म्हणजे मग भांडण होऊन बसतं. महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०१५ मध्ये आला तेव्हा हजारो हरकती आल्या होत्या. एवढ्या हरकती आल्या की लोक जागरूक आहेत असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं, त्यातल्या निम्म्या तरी आधी विचारलं असतं तर आल्याच नसत्या.

सहभागाची खरी जागा त्याआधी आहे, जमीन वापराच्या सर्वेक्षणाच्या वेळी. तेव्हा रेषा पेन्सिलीतही नसतात. कायदा त्या टप्प्यावर लोकांना बोलवाच असं म्हणत नाही, पण बोलवू नका असंही म्हणत नाही. एखाद्या महापालिकेने ठरवलं तर तिला कोणी अडवत नाही.

लोक तेव्हा काय सांगतील? सर्वेक्षकाच्या यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी सांगतील. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घराघरांत पाणी शिरलं. तलावाखालच्या नागनदीचं पात्र कुठे किती आवळलं गेलंय, सांडव्याच्या वाटेत काय उभं आहे, यावर नंतर भरपूर बोलणं झालं, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. पण पाण्याची जुनी वाट त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीपासून ठाऊक होती. पुरानंतर अशाच एका घरी गेलो होतो. आजोबांनी जिन्याखालची भिंत दाखवली. त्यावर पेन्सिलीने दोन जुन्या खुणा होत्या, प्रत्येकीपुढे साल. तिसरी खूण नवी, छातीएवढी उंच. त्यांच्या घरात पूररेषेचा नकाशा होता म्हणा ना, फक्त तो मागायला कोणी आलं नव्हतं.

तसंच सावलीचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारी बारा ते चार या शहरात पायी कोण फिरतं? ठिय्यावर काम न मिळालेला मजूर, चार घरची धुणीभांडी करून परतणारी बाई, शाळेतून येणारं पोर. उष्णतेचा कृती आराखडा अहमदाबादनंतर लवकर हाती घेणाऱ्या शहरांत नागपूर होतं, ही चांगलीच गोष्ट. पण डीपीच्या सूचीत निवासी भागाला पिवळा रंग आहे, बागेला हिरवा आहे, सावलीला रंगच नाही. बाईंचा तो पिंपळ म्हणूनच नकाशात नव्हता. तिथे ठेला असतो, बस नसली तरी माणसं थांबतात, उन्हाळ्यात पाण्याचा रांजण असतो. नियोजनाच्या भाषेत ती 'सार्वजनिक सुविधा' आहे, पण ती कोणी मंजूर केलेली नाही, म्हणून ती नाही.

आधी घर, शेवटी नकाशा

नियोजन म्हणजे मोकळ्या माळावर शहर आखणं, असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. नागपुरात '५७२' आणि '१९००' हे आकडे उच्चारले की पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. हे अनधिकृत लेआऊटचे आकडे. शेतकऱ्याकडून किंवा सोसायटीकडून प्लॉट घेतला, घर बांधलं, मग कोणीतरी मुरूम टाकला, मग वीज आली, मग नाली, मग गडरलाईन (सांडपाण्याची), आणि सगळ्यात शेवटी कागद. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने हे लेआऊट नियमित करायची वाट उघडली. डिमांड, म्हणजे मागितलेलं शुल्क भरा, आरएल मिळवा. म्हणजे शहराच्या मोठ्या भागात नियोजन उलट्या पावलांनी आलं. झोपडपट्ट्यांचं तर विचारूच नका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा वस्त्यांमध्ये राहत होता. एक वस्ती महापालिकेच्या जागेवर, दुसरी एनआयटीच्या, तिसरी नझूलच्या (सरकारी) जमिनीवर, चौथी रेल्वेच्या, पाचवी कागदोपत्री 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनीवर. मालकी पट्टा कोणाला मिळेल हे माणसाच्या गरजेवर ठरत नाही, पायाखालची जमीन कोणाची यावर ठरतं.

अशा शहरात आखणी करणं म्हणजे वसलेल्या घरात भिंती हलवणं. घरातल्यांना न विचारता ते करता येत नाही. पारडी, भरतवाडा, पुनापूर या पूर्वेकडच्या पट्ट्यात हे जवळून पाहायला मिळालं. २०१६ मध्ये नागपूर स्मार्ट सिटी योजनेत निवडलं गेलं आणि तिथला सुमारे १,७३० एकरांचा भाग नगररचना योजनेसाठी घेतला गेला. नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, ही कल्पना म्हणून मला पटते. डीपीत ज्याच्या प्लॉटवरून रस्ता गेला तो एकटा मरतो आणि शेजाऱ्याच्या प्लॉटचा भाव वाढतो. टीपीत सगळ्यांची जमीन एकत्र करतात, प्रत्येकाकडून थोडा हिस्सा घेऊन रस्ते, बागा, शाळा बसवतात आणि उरलेला, आता रस्त्याला लागलेला प्लॉट परत देतात. झळ आणि फायदा दोन्ही वाटून. शेतजमिनीवर हे छान जमतं. पण जिथे लोकांनी आधीच हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर भिंतीला भिंत लावून घरं बांधली आहेत, तिथे 'थोडा हिस्सा' म्हणजे स्वयंपाकघर. तिथे आधी दारोदार जाऊन बोलावं लागतं, मोबदला आणि पर्यायी घर रेष मारण्यापूर्वी ठरवावं लागतं. नाहीतर रस्ता अर्ध्यात अडकतो आणि दोन्ही बाजूंची घरं कापलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं उभी राहतात.

सगळे आले, पण कोण सगळे?

'सहभागी' आणि 'समावेशक' हे शब्द जोडीने वापरतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. एक उदाहरण देतो. आमच्याच भागात एकदा रविवारी सकाळी नागरिकांची बैठक झाली. दीडशे माणसं होती, चहा आणि तर्री-पोहे होते, सगळे बोलले. एकमताने ठराव झाला: चौकातले ठेले हटवा. पुरेपूर सहभाग. फक्त ठेलेवाले तिथे नव्हते, कारण रविवारी सकाळीच त्यांचा धंदा होतो. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांतले कित्येक जण घरी जाताना त्याच ठेल्यांवरून सांभार घेऊन गेले. (मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी: कोथिंबीर.)

ज्याच्याकडे वेळ, गाडी आणि बोलायची सवय आहे, तोच सहभागी होतो. म्हणून समावेशक व्हायचं तर कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही ते मोजावं लागतं. भाडेकरू येत नाहीत, कारण त्यांना वाटतं हा घरमालकांचा विषय. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस येत नाही, कारण सभागृह पहिल्या मजल्यावर. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी असं भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, पण त्यात विजेची पेटी आणि होर्डिंगचा खांब आला की काय उरतं, हे त्या खुर्चीवरच्या माणसालाच माहीत. घरकाम करणाऱ्या बायका येत नाहीत, कारण बैठक कामाच्या दिवशी अकरा वाजता ठेवलेली असते.

उपाय फार मोठे नाहीत. बैठक संध्याकाळी सातनंतर घ्यायची, कार्यालयात न घेता वस्तीतल्या विहारात, समाजभवनात घ्यायची. बायकांची वेगळी बैठक घ्यायची, कारण एकत्र बैठकीत पुरुष बोलतात आणि बायका दाराशी उभ्या राहतात. नकाशा मराठीत, आणि त्यावर देऊळ, विहार, दर्गा, शाळा, पाण्याची टाकी, राशन दुकान ठळक छापलेलं. एवढं केलं तरी माणूस आपली गल्ली शोधू शकतो. कोणता नाका रात्री टाळावा लागतो, नळ कोणत्या वेळी येतो आणि किती लांबून पाणी आणावं लागतं, हे चार रंगांच्या टिकल्या दिल्या तर बायका अर्ध्या तासात नकाशावर लावून दाखवतात.

ठेलेवाल्यांपुरतं कायद्याने हे काम करून ठेवलं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांनीच निवडलेले, आणि त्यात एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. कुठे बसता येईल, कुठे नाही, हे या समितीशी बोलून ठरवायचं. ज्या शहरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी वारांची नावं भागांना आहेत, त्या शहराला रस्त्यावरचा बाजार म्हणजे अतिक्रमण असं वाटावं, याची मला गंमत वाटते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. लोक म्हणतील ते सगळं बरोबर, असं नसतं. कचऱ्याचं केंद्र आपल्या भागात नको, हे प्रत्येक भाग म्हणतो, आणि वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा भांडेवाडीला जातो. भांडेवाडीच्या आसपासचे लोकही बैठकीत असते तर चर्चा वेगळी झाली असती. निर्णय शेवटी कोणालातरी घ्यावाच लागतो. तक्रार निर्णयाची नसते, न दिलेल्या कारणाची असते. तुमची हरकत का मानली किंवा का मानली नाही, हे दोन ओळींत लिहून मिळालं, तर हरलेला माणूसही पुढच्या बैठकीला येतो.

कायद्यात असलेली, पण वापरात नसलेली दारं

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय दिले आहेत, त्यातला पहिलाच नगरनियोजन. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्याही तिनेच आणल्या. नागपुरात लक्ष्मीनगर ते मंगळवारी असे दहा झोन आहेत, त्यांच्या पातळीवर हे काम व्हायचं. २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्र सभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलवायची. तुम्ही कधी क्षेत्र सभेला गेला आहात का? मी नाही, आणि माझ्या ओळखीत गेलेलं कोणी नाही. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार राहिला, तेव्हा सभा बोलवणारंच कोणी नव्हतं.

पैशाच्या बाजूनेही दार आहे. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते: पदपथ, बसथांबा, दिवे असली छोटी कामं. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजना निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि तो कसा खर्चायचा हे लोकांसोबत ठरवलं. आराखड्यात रेष आहे पण अंदाजपत्रकात रुपया नाही, अशी अवस्था असेल तर ते आरक्षण दहा वर्षांनी सुटणारच आहे.

हरकत लिहायची तर

मोठा आराखडा वीस वर्षांनी येतो, पण एकेका भूखंडाचा वापर मधल्या काळात कलम ३७ खाली बदलता येतो. त्याचीही जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत ती येते, लग्नाच्या जाहिरातींच्या शेजारी. मैदानं बहुतेक तिथेच जातात, म्हणून ते पान वाचायची सवय लावा. झाडं तोडायची असतील तर त्याचीही सूचना निघते, आणि तिथे मुदत फार थोडी असते.

छापील मजकुराखाली पाचशे सह्या हे दिसायला दणकट असतं, पण एकाच मजकुराच्या हरकती एकत्र बांधून एकाच उत्तरात निकालात निघतात. त्यापेक्षा वेगवेगळ्या घरांची वेगवेगळ्या कारणांची वीस पत्रं बरी. एका पत्रात एकच मुद्दा. आरक्षणाचा क्रमांक, मौजा, खसरा नंबर वर लिहा. 'आमचा विरोध आहे' एवढ्यावर थांबू नका, काय हवं ते सांगा: रस्ता बारा मीटरऐवजी नऊ चालेल, किंवा तो पलीकडच्या नाल्याकाठून न्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि सुनावणीला तीच प्रत घेऊन जा. सुनावणीत काही मिनिटंच मिळतात, तेव्हा पहिल्या वाक्यातच मागणी सांगा.

खसरा नंबर माहीत नसेल तर घरच्या आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) किंवा सातबारावर पाहा. वस्तीत राहत असाल आणि यातलं काहीच नसेल, तर लगतच्या लेआऊटमधल्या कोणाचं तरी आरएल लेटर मागून घ्या. मौजा तीच असते आणि खसरा बहुतेक तोच किंवा शेजारचा निघतो. अर्जासोबत हाताने काढलेला नकाशाही जोडता येतो. त्यात मोठी नाली काढा, गल्ली काढा, आणि पिंपळ काढा.